देव मानत नाही, पण चांगलं वागायचं आहे. ते टिकवायचं कसं?

ओलीपायवाट (धागाकर्ती)

देव मानत नाही असं सांगितलं की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो : मग वाईट वागण्यापासून तुम्हाला अडवतं कोण? विचारणारे भांडायला आलेले नसतात, त्यांना खरंच कोडं पडलेलं असतं. ते फक्त श्रद्धाळूंनाच पडतं असंही नाही. २०१७ साली तेरा देशांतल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्या क्रूर खुन्याचं वर्णन वाचल्यावर तो आस्तिक असेल यापेक्षा नास्तिक असेल असं लोकांना सहज वाटतं, असं त्यात दिसलं. स्वतः देव न मानणाऱ्यांचा कलही तिकडेच होता. म्हणजे हा संशय आमच्याही मनात मुरलेला आहे.

मला स्वतःला 'अडवतं कोण' हा प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. खून, दरोडा, फसवणूक यांची ऊर्मी आपल्यापैकी बहुतेकांना रोज येत नाही. अवघड असतं ते वेगळंच. थकून घरी आल्यावर दुसऱ्याचं रडगाणं मनापासून ऐकणं. जो माणूस अजिबात आवडत नाही त्याच्याशीही न्यायाने वागणं. आपला काही फायदा नसताना, कुणी बघत नसताना, एखाद्यासाठी अर्धा दिवस घालवणं. इथे मला अडवणारा नको आहे, ढकलणारा हवा आहे.

धर्म मानणाऱ्यांकडे ही सोय आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. ठरलेला वार आहे, सोबत आहे, आठवण करून देणारं कुणीतरी आहे. चुकलं तर परत उभं राहायची एक रीत आहे. माझ्याकडे यातलं काहीच आयतं नाही. विश्वास नाही म्हणून मी वाईट होईन ही भीती मला वाटत नाही. आळशी होईन, ही वाटते.

म्हणून विचारते. जे देव मानत नाहीत त्यांनी आपला चांगुलपणा टिकवायला काय केलं? आणि जे मानतात त्यांना प्रामाणिकपणे काय वाटतं? देव आहे की नाही हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी इतर धागे भरपूर आहेत.

---

कोरडवाहू

धागा आवडला. आधी एक जुनी गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो : एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते, की ती पवित्र आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं उत्तर दिलं तर देवाने उद्या क्रौर्य आवडून घेतलं तर क्रौर्यही पवित्र होईल. दुसरं दिलं तर चांगल्याचं मोजमाप देवाच्या आधीपासून आहे, आणि ते आपल्यालाही शोधता येतं. सुमारे चोवीसशे वर्षं हा प्रश्न उभा आहे.

पुढे ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने १६२५ मध्ये लिहिलं की देव नाही असं घटकाभर धरलं तरी न्यायाचे मूळ नियम लागू राहतील. स्वतः तो श्रद्धाळू ख्रिश्चन होता. पिएर बेल या फ्रेंच विचारवंताने १६८२ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन म्हटलं की नास्तिकांचा समाजसुद्धा नीतीने राहू शकेल, कारण माणसं रोजच्या व्यवहारात तत्त्वांपेक्षा स्वभावाने, सवयीने आणि लोकांतल्या मानापमानाच्या जाणिवेने वागतात. आपल्याकडे तर बौद्ध आणि जैन या दोन्ही परंपरा जगाचा कर्ता देव न मानता अहिंसा आणि करुणा शिकवत आल्या. जुन्या सांख्यांना आणि मीमांसकांनाही असा कर्ता ईश्वर लागला नाही. तेव्हा देवाशिवाय नीती ही आजकालची टूम नाही.

---

निरंजनी

मी श्रद्धाळू आहे आणि धागाकर्तीने मोकळेपणाने विचारलं म्हणून लिहिते.

कोरडवाहू, सॉक्रेटिसचा पेच तुम्ही छान मांडलात, पण श्रद्धाळू माणूस त्यात अडकतोच असं नाही. माझ्यासाठी चांगुलपणा हा देवाचा हुकूमही नाही आणि देवाच्या बाहेरची मोजपट्टीही नाही, तो देवाचा स्वभावच आहे. तुम्हाला हे पटणार नाही, पण आम्ही भीतीपोटी चांगलं वागतो हे चित्र तरी खोडायला हवं. नरकाच्या धाकाने किंवा पुण्याच्या हिशोबाने वागणारे असतात, नाही कशाला म्हणू. पण फळाची आशा न ठेवता करावं ही शिकवणही त्याच परंपरेतून आली. मी आजारी शेजारणीकडे बसते तेव्हा माझ्या डोक्यात स्वर्ग नसतो. ती असते.

मला तुमच्या नीतीची काळजी नाही. माझा प्रश्न वाईट दिवसांबद्दल आहे. तुम्ही चांगलं वागलात आणि त्याचं फळ म्हणून तुमच्याच पदरी अपमान आला, असं वर्षानुवर्षं होत राहिलं, तर तुम्हाला धरून कोण ठेवतं? मी माझं ओझं कुणाच्या तरी पायाशी ठेवून झोपते. तुम्ही कुठे ठेवता?

---

ओलीपायवाट (धागाकर्ती)

निरंजनीताई, हाच प्रश्न खरा. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगातून आपल्या नास्तिकपणाबद्दल लिहिलं तेव्हा हे लपवलं नाही. श्रद्धेने कष्ट सुसह्य होतात, देवात माणसाला दिलासा मिळतो, आणि तो नसेल तर स्वतःच्याच बळावर उभं राहावं लागतं, हे त्यांनी सरळ कबूल केलं. समोर फाशी दिसत असताना.

पण मी भगतसिंग नाही आणि इथे लिहिणारे बहुतेक जण नसतील. रोजच्या माणसासाठी 'स्वतःच्या बळावर' हे उत्तर मला अपुरं वाटतं. माझं ओझं मी दोन-तीन माणसांपुढे ठेवते. ती माणसं नसती तर काय केलं असतं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

तिसरी_घंटा

मी मानसशास्त्र शिकवते. या विषयावर झालेल्या काही कामाबद्दल लिहिते, कारण 'नास्तिक जास्त चांगले' किंवा 'आस्तिक जास्त चांगले' अशा दोन्ही घोषणा त्यापुढे टिकत नाहीत.

फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या मुलांसमोर मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पाडून पाहिली. त्या माणसाचा हात पोहोचत नाहीये असं दिसलं की बरीचशी मुलं उठून ती वस्तू त्याला देत होती. बक्षीस नाही, शाबासकीही नाही. या वयात कुणाला धर्मही कळत नाही आणि तत्त्वज्ञानही नाही. दोन वर्षांनी त्याच दोघांनी आणखी एक प्रयोग केला. मदत केल्यावर ज्या मुलांना खेळण्याचं बक्षीस मिळालं, ती मुलं बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं किंवा नुसतं कौतुक झालं होतं, त्यांच्यात ही घट दिसली नाही. चांगुलपणाला मोबदला जोडला की मूळची ओढ मंदावू शकते. निरंजनीताईंनी फळाच्या आशेबद्दल जे लिहिलं ते इथे नेमकं लागू पडतं.

१९७३ चा एक अभ्यास मी दरवर्षी वर्गात सांगते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन यांनी एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, खोकत, कण्हत बसवला होता. काही विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता बायबलमधला प्रसिद्ध दृष्टान्त, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाचा. म्हणजे तोच विषय डोक्यात घोळवत ते त्या माणसाजवळून जाणार होते. काहींना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, काहींना की निघायची वेळ झाली, काहींना की उशीर झालाय, पळा. वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मधल्या गटातले ४५ टक्के, आणि घाई असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. कोण किती आणि कशा प्रकारे धार्मिक आहे यावरूनही कोण थांबेल हे सांगता आलं नाही. एकूण विद्यार्थी चाळीसच होते, त्यामुळे आकड्यांना फार ताणू नये. तरी घाई ही गोष्ट आपण नीतीच्या चर्चेत कधी आणतच नाही, ती आणायला हवी. ज्याचा दिवस एका मिनिटाचीही उसंत न ठेवता भरलेला आहे, त्याने दयाळूपणाचं कितीही वाचलं तरी तो पुढे निघून जातो.

आणि धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाला सर्वांत जवळचं काम २०१४ चं, विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांचं. अमेरिका आणि कॅनडातल्या १२५२ प्रौढांना त्यांनी तीन दिवस, दिवसातून पाच वेळा मोबाइलवर विचारलं की गेल्या तासाभरात तुमच्या हातून काही चांगलं वा वाईट घडलं का, किंवा तुमच्याशी कुणी तसं वागलं का. धार्मिक आणि अधार्मिक लोकांनी केलेल्या चांगल्यावाईट कृत्यांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. फरक होता भावनांच्या तीव्रतेत : धार्मिक लोकांना चुकल्याचा सल आणि चांगलं केल्याचं समाधान, दोन्ही जास्त जाणवत होतं. याच अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट अशी की ज्याच्याशी कुणी चांगलं वागलं, तो त्याच दिवशी पुढे स्वतः चांगलं वागण्याची शक्यता वाढत होती. उलट ज्याने स्वतः सकाळी चांगलं काम केलं, तो नंतर थोडा सैल सुटत होता.

---

भरती_ओहोटी

शेवटचं वाक्य फार खरं आहे. एक चांगलं काम केलं की दिवसभर स्वतःला सूट देणं हे मी माझ्या आजूबाजूला रोज बघतो, देवळात जाणाऱ्यांतही आणि न जाणाऱ्यांतही. वाचतोय, लिहीत राहा.

---

पिंपळपान

मी इथे क्वचितच लिहिते. पण 'कुणी बघत नसताना' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. मी काय केलं हे त्यांना पाच मिनिटांनी आठवत नाही. मी चिडले तर तेही आठवत नाही. हळुवार आंघोळ घातली काय आणि ओढाताण करून घातली काय, त्यांच्या लेखी संध्याकाळी दोन्ही सारखंच. घरात तिसरं कुणी नसतं. मी देव मानत नाही, त्यामुळे वरून कुणी नोंद ठेवतंय असंही माझ्या मनात नसतं.

तरी हळुवारच घालावीशी वाटते. याचं कारण मी बराच काळ शोधत होते. त्यांना नंतर आठवत नाही हे खरं, पण त्या क्षणी पाणी जास्त गरम असेल तर त्यांना भाजतं. आवाज चढला तर ते घाबरतात, त्यांचे हात थरथरतात. ती भीती त्या वेळी पूर्ण खरी असते. पुढे तिची आठवण उरली नाही म्हणून ती झालीच नाही असं होत नाही. मला यापेक्षा मोठं कारण सापडलेलं नाही, आणि आता गरजही वाटत नाही.

बाकी तिसरी_घंटा यांच्या घाईबद्दलच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. माझी झोप झाली असेल तर मी चांगली मुलगी असते. नसेल तर माझी सगळी तत्त्वं बाजूला राहतात. म्हणून मी आठवड्यातले काही तास मदतनीस बाई ठेवायला सुरुवात केली, आणि त्याचा माझ्या वागण्यावर जेवढा परिणाम झाला तेवढा कोणत्याही चिंतनाचा झाला नव्हता.

---

निरंजनी

पिंपळपान, तुम्ही जे करताय त्याला आमच्याकडे पूजा म्हणतात. तुम्ही म्हणू नका, पण मला म्हणू द्या.

---

मध्यरात्र

सगळं वाचलं. मीही देव मानत नाही. तरी इथे सगळेच एकमेकांना फार लवकर दुजोरा देत आहेत असं वाटतं, म्हणून दोन अडचणी मांडतो.

पहिली. वडिलांबद्दल, शेजारणीबद्दल ममता वाटणं समजतं. उत्क्रांतीने ती दिली आहे. रक्ताच्या नात्याला जपणं आणि जो आपल्याला मदत करतो त्याला मदत करणं, याची कारणं जीवशास्त्रात सापडतात. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांच्या २००३ च्या प्रयोगात कॅप्युचिन माकडांनाही अन्याय कळला होता : शेजारच्या माकडाला द्राक्ष आणि आपल्याला काकडी मिळाल्यावर बऱ्याच माकडांनी काकडी नाकारली. पण नीट बघा, ते चिडले ते स्वतःला कमी मिळालं म्हणून. जो माणूस मला कधी भेटणार नाही, माझं कधी देणं फेडणार नाही, माझ्या भाषेचा नाही, देशाचा नाही, त्याच्यासाठी मी का झिजावं? धर्माने निदान सांगितलं की तोही त्याच देवाचं लेकरू आहे. आपण काय सांगतो?

दुसरी जास्त गंभीर. देव नसेल तर शेवटचा न्यायाधीश मीच. आणि मी स्वतःच्या बाबतीत फार वाईट न्यायाधीश आहे. हुशार माणूस आपल्या प्रत्येक स्वार्थाला तर्क शोधून देतो. विसाव्या शतकात धर्माला हटवून विवेकाचं राज्य आणतो म्हणणाऱ्या राजवटींनीही लाखो माणसं छळछावण्यांत घातली. सोव्हिएत राजवटीची नोंद आपल्यासमोर आहे. 'आम्ही विवेकी' एवढं म्हटल्याने कुणी सुरक्षित होत नाही.

---

कोरडवाहू

पहिल्या अडचणीवर बोलतो. उत्क्रांतीने सुरुवात करून दिली, मर्यादा घालून दिली नाही. आपल्याला मोजता येऊ लागलं ते जवळच्या गोष्टी मोजायला, पण पुढे तेच गणित ताऱ्यांपर्यंत गेलं. डार्विननेच १८७१ मध्ये लिहिलं की माणूस जसजसा लहान टोळ्यांतून मोठ्या समाजांत आला, तसतशी त्याची सहानुभूती राष्ट्रातल्या सगळ्यांपर्यंत पोहोचायला हवी हे साधी बुद्धी सांगते, आणि तिथून सर्व माणसांपर्यंत जायला मध्ये फक्त एक कृत्रिम भिंत उरते.

पीटर सिंगर या तत्त्वज्ञाने १९७२ मध्ये, बांगलादेशातल्या निर्वासितांची उपासमार समोर असताना, एक उदाहरण दिलं. रस्त्याने जाताना उथळ तळ्यात लहान मूल बुडताना दिसलं तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही त्याला वाचवायचं टाळाल का? कुणीच टाळणार नाही. मग ते मूल हजारो किलोमीटर दूर असलं तर त्याच्या वेदनेत नेमकं काय कमी होतं? यात देव कुठेच येत नाही. येते ती एवढीच मागणी की जे कारण जवळच्याला लावता ते दूरच्यालाही लावा. मूल कुणाचं लेकरू आहे हे ठरायच्या आधीच तुम्ही पाण्यात उतरलेले असता.

---

ओलीपायवाट (धागाकर्ती)

मध्यरात्र, दुसरी अडचण मला जास्त लागली. त्यातला सोव्हिएत दाखला मी पूर्ण मान्य करते. देव न मानणं ही काही नीती नव्हे, तिथून फक्त सुरुवात होते आणि माणूस कुठेही जाऊ शकतो.

पण स्वतःला फसवण्याचा धोका श्रद्धेने टळतो असं मला दिसत नाही. तोच ग्रंथ वाचून एकाने गुलामगिरीचं समर्थन केलं आणि दुसऱ्याने ती मोडण्यासाठी आयुष्य दिलं. ग्रंथातलं काय घ्यायचं ते निवडताना दोघांनीही स्वतःचा विवेकच वापरला. न्यायाधीश शेवटी माणूसच असतो. म्हणून मला वाटतं की देव मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखीच गरज आहे ती तोंडावर 'तू चुकतोयस' म्हणणाऱ्या माणसांची. आणि आपल्या विचाराची किंमत स्वतः मोजायच्या तयारीची.

ही तयारी हाच मला त्यातल्या त्यात विश्वासू निकष वाटतो. माझा तर्क मला नेहमी सोयीच्या जागी पोहोचवत असेल, तर मी सावध व्हायला हवं. आगरकरांनी शिक्षण संपत असताना आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरतं मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी घालवणार आहे. ते अज्ञेयवादी होते, म्हणजे देव आहे की नाही हे माणसाला कळू शकत नाही असं मानणारे. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये ते गेले, आणि लेखणी शेवटपर्यंत सौम्य केली नाही. र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्राध्यापकी गमावली, खटले सोसले, आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून मासिक चालवलं. यांच्या विवेकाने त्यांना सोयीच्या जागी नेलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

---

साधा_माणूस

विषय थोडा बाजूला नेतो, धागाकर्तीची हरकत नसेल तर. तुम्ही सुरुवातीला 'चुकलं तर परत उभं राहायची रीत' असं लिहिलंत. त्यावर कुणी बोललं नाही.

श्रद्धाळू माणसाकडे क्षमा मागायला जागा आहे. समजा एखाद्याने कुणाला खोलवर दुखावलं आणि माफी मागायच्या आत तो माणूस गेला. देव न मानणाऱ्याने काय करायचं? हे देणं आता घेणारा कुणी नाही. माझ्या मते नास्तिक विचाराची सर्वांत दुबळी जागा ही आहे.

---

निरंजनी

साधा_माणूस, आमच्याकडेही ते वाटतं तितकं सोपं नसतं. देवाची क्षमा मागितली की सगळं धुतलं जातं, हा गैरसमज बाहेरच्यांचा असतो आणि आतल्या आळशी लोकांचाही. ज्यूंमध्ये प्रायश्चित्ताचा मोठा दिवस असतो, योम किप्पूर. माणसाने देवाचं जे बिघडवलं त्याची क्षमा त्या दिवशी मिळते, पण माणसाने माणसाचं बिघडवलं असेल तर आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, असं त्यांची जुनी परंपरा सांगते. इस्लाममध्येही माणसांचे एकमेकांवरचे हक्क ही वेगळी गोष्ट धरली जाते. जैन लोक संवत्सरीला घरोघरी जाऊन, फोन करून एकमेकांची क्षमा मागतात, आणि तिथे मध्ये जगाचा कर्ता देव नसतोच. म्हणजे धर्मही आधी माणसाच्या दारातच पाठवतो.

पण तो माणूस उरला नसेल तर माझ्याकडे देव आहे आणि तुमच्याकडे नाही, हे खरं आहे. त्याला मी वळसा घालणार नाही.

---

पिंपळपान

मला वाटतं तिथे काही उरतं, ते उरू द्यावं. सगळी देणी फिटलीच पाहिजेत असा नियम कुठे आहे? गेलेल्या माणसाकडे माफी मागता येत नाही. त्याच्या मागे राहिलेल्यांकडे जाता येतं. ज्या प्रकारे त्याला दुखावलं त्या प्रकारे पुन्हा कुणाला न दुखावणं हातात असतं. आणि एखाद्या जिवंत माणसाला, कुठलीही सबब न जोडता, जे घडलं ते पूर्ण सांगता येतं. हे सांगणं फार महत्त्वाचं आहे असं माझा अनुभव सांगतो. मनातल्या मनात आपण दर वेळी गोष्ट थोडी बदलून सांगतो. दुसऱ्याला सांगताना ते जमत नाही.

सल पूर्ण जाणार नाही. तो कायम राहिला म्हणून तुम्ही वाईट माणूस ठरत नाही, आणि तो जावा म्हणून घाईने काहीतरी उपचार उरकणं मला त्या गेलेल्या माणसावर अन्याय वाटतो.

---

साधा_माणूस

धन्यवाद. 'सबब न जोडता' हे लिहून घेतलं.

---

तिसरी_घंटा

धागाकर्तीच्या 'टिकवायचं कसं' या भागाकडे परत येते. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल यांनी अमेरिकेतल्या धर्मजीवनाचा मोठा अभ्यास २०१० मध्ये मांडला. धार्मिक लोक जास्त दान देतात, जास्त स्वयंसेवा करतात, आणि तीही फक्त धार्मिक कामांसाठी नाही, असं त्यात दिसलं. नास्तिकांनी हे नाकारू नये. पण पुढे त्यांनी पाहिलं की फरक नेमका कशाने पडतो. देवावर, स्वर्गनरकावर किती विश्वास आहे याने नाही. प्रार्थनास्थळातल्या माणसांशी किती घट्ट मैत्री आहे, याने. श्रद्धा भक्कम पण एकटं बसून प्रार्थना करणारा माणूस या बाबतीत फारसा पुढे नव्हता.

याला जोडून आणखी एक. सॅम्युएल आणि पर्ल ऑलिनर यांनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाझी राजवटीत जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणाऱ्या चारशेहून जास्त माणसांच्या मुलाखती त्यासाठी घेतल्या होत्या. सॅम्युएल स्वतः पोलंडमध्ये लहानपणी एका कॅथलिक शेतकरी बाईने वाचवल्यामुळे जगले होते. तरीही, वाचवणारे आणि न वाचवणारे यांच्यात धार्मिकतेचा म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. दिसलं ते असं की वाचवणाऱ्यांच्या आईवडिलांनी लहानपणी मारण्यापेक्षा कारणं समजावून देण्यावर भर दिला होता, आणि 'आपली माणसं' या वर्तुळात परक्यांना जागा होती. शिवाय अनेकांनी पहिली मदत केली ती कुणीतरी येऊन मागितल्यावर.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. जिथे लोक येऊन तुमच्याकडे काहीतरी मागतील अशा जागी स्वतःला नेऊन ठेवा. घरात बसून दयाळू राहण्याचा निश्चय करणाऱ्याला कुणी मागायला येत नाही.

---

भरती_ओहोटी

मुलांच्या बाबतीत हे कसं करायचं? आमच्या घरी देव नाही. मुलगी पाच वर्षांची आहे. 'असं का करायचं नाही?' असं ती विचारते तेव्हा 'बाप्पा रागावेल' हे सोपं उत्तर आमच्याकडे नाही.

---

तिसरी_घंटा

नाही तेच बरं. बाप्पा रागावेल म्हटलं की मूल बाप्पाकडे बघतं, ज्याला लागलं त्याच्याकडे नाही. मार्टिन हॉफमन यांचं १९६० च्या दशकापासूनचं काम हेच सांगतं : धाक दाखवण्यापेक्षा 'बघ, तू ढकललंस आणि तो पडला, त्याला लागलंय' असं दुसऱ्याचं दुःख दाखवून देणारे आईवडील असले की मुलांत दुसऱ्याबद्दलची जाणीव जास्त रुजते. लांबलचक प्रवचन नको. त्या क्षणी, दोन वाक्यांत, आणि मग काय दुरुस्त करता येईल ते तिलाच विचारा. फुंकर घालायची की पाणी आणून द्यायचं ते ती ठरवेल. श्रद्धाळू घरातही हेच उपयोगी पडतं.

---

मध्यरात्र

कोरडवाहूंचं तळ्याचं उदाहरण अजून पचवतोय. दूरच्या मुलाच्या वेदनेत काय कमी होतं याचं उत्तर सापडलं नाही, हे नोंदवून ठेवतो. स्वतःच्या बाबतीतला न्यायाधीश वाईट असतो या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. सोबतीची माणसं आपण बहुतेक वेळा आपल्यासारखीच निवडतो. 'तू चुकतोयस' म्हणणारी निवडत नाही.

---

ओलीपायवाट (धागाकर्ती)

यावर मला काही सुचत नाही. खरंच अवघड आहे. आपल्यापेक्षा वेगळा विचार करणाऱ्यांबरोबर नियमित काम करणं, एवढं एकच मला दिसतं. मैत्री निवडून होते, काम निवडून होतंच असं नाही.

---

निरंजनी

मग विचारूनच टाकते. आमचा एक गट आहे. अंध विद्यार्थ्यांना फोनवरून पाठ्यपुस्तकं वाचून दाखवतो, ज्यांना हवं त्यांना ध्वनिमुद्रित करून पाठवतो. कुठूनही करता येतं. गट भजनी मंडळातून सुरू झाला, पण वाचणाऱ्याला कुणी श्रद्धा विचारत नाही. शनिवारी सकाळी सगळे फोनवर एकत्र येतो, कोणत्या विद्यार्थ्याला काय हवंय ते वाटून घेतो. सुरुवातीला एक लहानशी प्रार्थना असते.

---

ओलीपायवाट (धागाकर्ती)

मला यायला आवडेल. प्रार्थनेच्या वेळी मी नुसती ऐकत राहिले तर चालेल ना? शब्द म्हणणं माझ्याकडून खोटं होईल आणि ते तुमच्या प्रार्थनेलाही बरं नाही.

---

निरंजनी

चालेल. आणखी दोघं तसंच करतात. अर्थशास्त्र वाचून दाखवायला कुणी नाहीये सध्या, आकृत्या शब्दांत सांगाव्या लागतात म्हणून लोक टाळतात. ते घ्याल का?

---

पिंपळपान

आकृत्यांचं मी घेईन. वडील दुपारी झोपतात तेव्हा वेळ असतो. निरोप पाठवते.